दुसरी कॉफी

खर्चाची नोंद ठेवणारं ॲप फुकटचं होतं, म्हणून मी ते बायकोच्या फोनवरही टाकून दिलं. पैशापैशाची नोंद झाली पाहिजे, असं बजावलं. तिने खर्च टाकला की लगेच माझ्या फोनवर दिसायचा.

सुरुवातीला भाजी, साबण, बसचं तिकीट, सगळं सरळ होतं. मग रोज संध्याकाळी एक नोंद यायला लागली: "कॉफी, दोन." माझ्या मनात पाल चुकचुकली. ऑफिसात काम वाढलंय म्हणून उशीर होतो, असं ती मला सांगत होती. तिथला तो गोडबोल्या कॅशियर मला पहिल्यापासूनच आवडत नव्हता. ती आंघोळीला गेल्यावर मी तिच्या पर्सची झडती घेतली. काहीच सापडलं नाही, त्यामुळे संशय आणखी वाढला.

शुक्रवारी ती दारात चप्पल काढत होती, तेव्हाच मी फोन तिच्या नाकासमोर धरला.

"दुसरी कॉफी कोणाची?"

"माझीच."

"एकटी दोन-दोन कॉफ्या पितेस? मला काय दुधखुळा समजतेस?"

"एका कॉफीवर कॅफेत तासभरच बसू देतात."

"मग सरळ घरी यायचं ना! इथे काय कोणी खातंय तुला?"

ती पर्स खुंटीला अडकवून आत गेली.

सोमवारी संध्याकाळी मी फोन हातात घेऊनच बसलो होतो. ॲपवर नोंद आली: "कॉफी, तीन."