भोकांचा डबा

ब्रीनाची लेक चेनेरे, चेनेरेची लेक फ्युमा आणि फ्युमाची लेक ही नेब्बिया. लांगेच्या टेकड्यांवर ओकच्या मुळांशी जमिनीखाली वाढणारी पांढरी अळंबी हुडकून काढणारी ही कुत्री चार पिढ्यांत कधी दुसऱ्याच्या दारी बांधली गेली नव्हती. म्हाताऱ्या देल्फीनाला त्याचा अभिमान होता.

आज नेब्बियाची परीक्षा होती. तिला वास शिकवला होता तो या घराच्या रीतीने. अळंबीचा तुकडा चिंधीत गुंडाळून खिळ्याने भोके पाडलेल्या डब्यात घालायचा. डबा आधी फेकायचा, मग गवतात लपवायचा, मग वीतभर खोल पुरायचा. शोध खरा ठरला की पावाची कड द्यायची; खोटा ठरला तर काही नाही. चूक एकच झाली होती. चिंध्या देल्फीनाने नवऱ्याच्या बनियनच्या फाडल्या होत्या. विजिन गेल्या हिवाळ्यात वारला, आणि त्याचे कपडे धुवायला तिचा हात धजला नव्हता.

"पोरगी अळंबी शोधते की विजिनला, ते बघ आधी," आत येऊन कुंपणाला टेकलेला शेजारी गेपिन म्हणाला. "नाहीतर कबरस्तानातून हलायची नाही."

"बघायला आलायस ना? मग बघ."

देल्फीनाने आज हातमोजे घातले होते. फडके कोरे होते, डबाही नवा. तिने धुक्यात दोर सोडला. नेब्बिया नाक जमिनीला लावून दोन वळसे फिरली, तिसऱ्या ओकखाली थांबली आणि पंजाने माती उकरू लागली. डबा निघाला. तिला कड मिळाली.

गेपिनने टोपी काढली. "मला दे ही, देल्फीना. तुमच्या फ्युमाच्या आधी अळंबी गाठणारा माझा कुत्रा मोरो नाहीसा झाला, त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून काठी टेकत नुसता रानात हिंडतोय मी."

"या घरची कुत्री बाहेर जात नाही. मोरोचं मलाही वाईट वाटतं. विजिन तीन दिवस तुझ्याबरोबर त्याला हाका मारत फिरला होता."

"फिरला खरा."

तेवढ्यात नेब्बिया बागेच्या टोकाशी, हेझलच्या झुडपाखाली पुन्हा उकरू लागली. तिथे कोणी काही पुरले नव्हते. देल्फीनाने दोनदा हाक मारली. कुत्री हलली नाही, तेव्हा ती स्वतः तिकडे गेली.

मातीतून एक गंजका डबा वर आला होता. त्याची भोके देल्फीनाने स्वतःच्या हाताने पाडली होती. हा डबा हरवला, असे विजिन म्हणाला होता. आत त्याच्या बनियनची चिंधी होती. चिंधीत उंदराच्या विषाची अर्धी पुडी आणि कुत्र्याच्या गळ्यातला चामडी पट्टा. पट्ट्याच्या पितळी बिल्ल्यावर नाव होते: मोरो.

"काय गं सापडलं?" धुक्यातून गेपिनचा आवाज आला. त्याला तिथून काही दिसत नव्हते.

देल्फीनाने झाकण लावले. मग काढले. कुंपणापर्यंत चालत जाऊन तिने डबा उघडाच त्याच्या हातात दिला.

गेपिन बराच वेळ बिल्ल्यावर अंगठा फिरवत राहिला. "माझ्याहून मोठ्यानं हाका मारत होता तो," एवढेच म्हणाला.

तिने नेब्बियाच्या गळ्यात दोर अडकवला आणि त्याचे टोक त्याच्या मुठीत ठेवले.

"अगं, पण मी हिचे पैसे..."

"बोलू नकोस. घेऊन जा."

बाहेर जायची वाट घराच्या ओसरीवरून होती. तिथल्या खुंटीला विजिनचा कोट अजून लटकत होता. नेब्बिया थांबली. तिने कोट हुंगला, त्याखालची फरशी पंजाने दोनदा खरवडली आणि खाली बसून देल्फीनाकडे पाहत राहिली.

गेपिनने दोर ओढला नाही.

देल्फीनाने हातमोजा काढला, खिशातून पावाची कड काढली आणि उघड्या हाताने तिला भरवली.