विहिरीतलं नाव

"मनातलं नाव घे गं, सूनबाई. वरवरचं नाव आमची विहीर परत देत नाही."

लग्नाच्या दिवशी सासूनं सांगितलेलं हे हौसाकाकींना आजही ऐकू येतं. नव्या नवरीनं विहिरीत वाकून नवऱ्याचं नाव घ्यायचं, ही गावची रीत. काकींनी मात्र माहेराहून सोबत आलेल्या गाईला हाक मारली, "कपिले." विहिरीनंही "कपिले" म्हटलं आणि केरबाकाकांची जन्मभर थट्टा झाली.

आज शहरातली पोरं विहीर बघायला आली होती. केरबाकाका रंगवून सांगत होते, "दगडी बांधकाम आहे, आवाज घुमणारच. आमच्या मंडळींनी गाईचं नाव घेतलं, तेही घुमलं."

पोरं हसली. काकाही हसले, पण जरा उशिरा. काकींनी ते पाहिलं.

"गाय वासरू असल्यापासून माझ्या ओळखीची," त्या म्हणाल्या. "तुमचं तोंडही धड पाहिलं नव्हतं. वरवर नाव घेतलं असतं नि विहीर गप्प राहिली असती, तर?"

"आणि आता?" काकांनी विचारलं.

पदर सावरत काकी कठड्यावरून वाकल्या. आत पाणी शांत होतं.

"केरबा..."

विहिरीच्या आधी काकांनीच ओ दिली.