नसीमच्या अम्मीचं विरजण

"जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनाला एकीलाच नेता येईल," कदमसर म्हणाले. आमचा गट तर चौघींचा.

प्रतिजैविक दिलेल्या गाईचं दूध आम्ही कालच दोन वाट्यांत विरजलं होतं. एकीत पाकिटातले एकाच जातीचे जिवाणू, दुसरीत आमच्यातल्या नसीमच्या अम्मीचं जुनं विरजण.

"औषधापुढे कुणीच टिकणार नाही," सर म्हणाले.

मी पहिली वाटी उपडी केली. दूध थेट सरांच्या चपलांवर. दुसरी मी माझ्याच डोक्यावर उपडी धरली. थेंबही पडला नाही.

"अम्मीच्या विरजणात नाना जातींचे जिवाणू आहेत, सर. काहींनी औषध मोडून टाकलं, त्यांच्या आडोशाला बाकीचेही जगले."

"शाब्बास. मग तूच चल जिल्ह्याला."

"सर, एकटीचं काय होतं ते तुमच्या चपलांवर आहे."

सरांनी पाय झटकला आणि अर्जावर चार नावं लिहिली.