डिकीतला जोड

ताईला जुनी गाडी घ्यायची होती, म्हणून ती गॅरेजवाल्या भावाला घेऊन रिटायर झालेल्या मास्तरांच्या दारात आली. गाडी पाहताच भावाने ती ओळखली. मागून ट्रकने ठोकलेली ही गाडी दोन वर्षांपूर्वी त्यानेच दुरुस्त केली होती. डिकीखालचा तुटका भाग नवा टाकला असं मास्तरांना सांगून त्याने तो नुसता वेल्डिंगने जोडला होता, आणि वर झकास रंग मारला होता.

"अपघात झालेली गाडी आहे, लपवत नाही," मास्तर ताईला म्हणाले. "पण काम तुमच्याच भावाच्या हातचं आहे."

"मग तर मी डोळे झाकून घेते!" ताई खुलली.

भावाने उगाचच बॉनेट उघडलं, इंजिनाला कान लावला. डिकीकडे मात्र फिरकला नाही.

"नको ताई. इंजिन थकलंय. आज घेशील आणि उद्यापासून माझ्या नावाने बोटं मोडशील."

ताई हिरमुसली, पण भावाच्या शब्दाबाहेर नव्हती. ती फाटकाकडे वळली तसा त्याचा जीव भांड्यात पडला. मास्तरांचा चेहरा मात्र जराही उतरला नव्हता. उलट त्यांनी हसत हसत घरातल्या नातीला हाक मारली.

"छकुले, लायसन्स घेऊन बाहेर ये! गाडी तुलाच राहिली बघ. इंजिनाचं काय ते करून घेऊ, बाकी अगदी मजबूत आहे, या दादांनीच केलीय."