ट्यूटर शिल्लक नाही

केमिस्ट्रीत गटांगळ्या खाणारी बारकी सरांकडे शिकवणी मागायला गेली. या खेपेला पास झाली नाही, तर सुट्टीत सरांच्या लॅबमध्ये संशोधनाला मिळणारी जागा गेलीच म्हणायची.

“ट्यूटर एकही शिल्लक नाही,” सर म्हणाले. “उलट तूच तुमच्या वर्गातल्या ढब्बूला शिकव. तुझ्याहून कच्चा आहे बिचारा. पण त्याला कळू देऊ नको हं, मनाला लावून घेतो.”

बारकीची कॉलर ताठ झाली. रोज घरून धडा घोटून यायची आणि भोळा चेहरा करून विचारायची, “हा इलेक्ट्रॉन इकडून तिकडे का पळतो रे?” ढब्बू समजावत बसायचा. ‘कसा बोलता केला गड्याला!’ बारकी मनात हसायची.

दोघंही पास झाली. बारकीला राहवेना.

“ढब्बू, रागावू नको, पण तुला शिकवायला सरांनी मला पाठवलं होतं.”

ढब्बू खो खो हसला. “अगं येडे, तुला शिकवायला मला पाठवलं होतं!”

दोघं तडक लॅबमध्ये. सर निवांत परीक्षानळ्या विसळत होते.

“शिल्लक नव्हता ना ट्यूटर? म्हटलं, दोन तयार करू. चला, ॲप्रन घाला.”