पहिल्या बेसच्या पुढे

हारुमानं दहा नंबरचा शर्ट घडी करून प्रशिक्षक ओनोदेरा सरांच्या टेबलावर ठेवला. दहा नंबर म्हणजे कर्णधाराचा. त्याला अजून मैदानाची माती लागलेली होती.

“हे काय?” सरांनी विचारलं.

“मी लायक नाही, सर. दुसऱ्या कुणाला तरी द्या.”

दुपारी काय झालं ते त्यांनीही पाहिलं होतं. विद्यापीठाच्या बेसबॉल संघाचा हा निर्णायक सामना. शेवटचा डाव, शेवटचा फलंदाज हारुमा, एका धावेनं पिछाडी आणि तिसऱ्या बेसवर आपला गडी तयार. हारुमानं मारलेला चेंडू घरंगळत थेट समोरच्या खेळाडूकडे गेला. आता चेंडूच्या आधी पहिला बेस गाठायचा होता. ते काही जमण्यातलं नव्हतं. बेस जवळ आला तसे हारुमाचे पाय जरा ढिले पडले. तेवढ्यात त्या खेळाडूच्या हातून चेंडू निसटला. त्यानं तो घाईघाईनं उचलून फेकला, आणि हारुमा अर्ध्या पावलानं बाद झाला.

संघातलं कुणी त्याला बोललं नाही. “दमला असशील रे,” एवढंच तात्सुकी म्हणाला. दमण्यासारखं होतंही. चेरीचा मोसम होता. गावात तोडणीला तरणी माणसं उरली नव्हती, म्हणून हारुमानंच संघाला पहाटे म्हाताऱ्यांच्या बागांत नेण्याचा पायंडा पाडला होता. तिथून तो थेट प्राथमिक शाळेत जाई. त्याला शिक्षक व्हायचं होतं, आणि त्यासाठी या महिन्यात दुसरीचा वर्ग सांभाळायचा होता. मग सराव, आणि सरावानंतर दुसऱ्या दिवशीच्या पाठाची तयारी.

“गुरुजी, तुम्ही झोपता कधी?” तात्सुकी त्याला डिवचायचा.

“तू बॅटिंग करतोस तेव्हा. बघण्यासारखं काही नसतंच.”

पण आज त्याचे पाय दमून मंदावले नव्हते. ‘गेलंच आता,’ असं त्यानं मनाशी आधीच ठरवून टाकलं होतं. हे बाकी कुणाला कळलं नसेल. मिओरीला मात्र नक्की कळलं होतं.

मिओरी त्याच्या दुसरीच्या वर्गातली. बागवाल्या योशिमात्सु आजोबांची नात. आज ती आजोबांबरोबर पहिल्या बेसजवळच्या जाळीमागे बसली होती. शर्यतीत ती नेहमी शेवटची यायची. शेवटच्या मुलासाठी सगळं मैदान टाळ्या वाजवतं, “थोडंच राहिलं, थोडंच राहिलं!” म्हणून ओरडतं. त्या टाळ्यांची तिला इतकी लाज वाटायची, की रेघ जवळ आली की ती थांबायची आणि खाली मान घालून बाजूनं निघून जायची.

म्हणून हारुमानं तिच्यासाठी शाळेच्या मैदानात चुन्यानं एक बेस काढला होता. “हे बघ, पहिल्या बेसवर थांबायचं नसतं. तो ओलांडून पुढे पळत जायचं. आता जमत नाही असं दिसलं, तरी पाय ढिले सोडायचे नाहीत. समोरच्याच्या हातून चेंडू कधी निसटेल, काय सांगावं?”

“आणि नाहीच निसटला तर?”

“तरी पळायचं.”

मिओरीनं मान हलवली होती. तिला पटलं की नाही, कळलं नव्हतं. आणि आज बाद झाल्यावर त्यानं वळून पाहिलं, तेव्हा ती जाळीला नाक लावून त्याच्याचकडे बघत होती.

“मी मुलांना एक सांगतो आणि स्वतः...” हारुमा टेबलावरच्या शर्टाकडे बघत म्हणाला.

ओनोदेरा सरांनी शर्ट उचलला, त्याची माती झटकली आणि तो परत त्याच्या हातात दिला. “मला काय विचारतोस? तू ज्यांना शिकवलंस, त्यांना आधी तोंड दाखवून ये. मग आण हा.”

दुसऱ्या दिवशी, रविवारी, शाळेच्या क्रीडा महोत्सवात हारुमा शेवटच्या रेघेपाशी फीत धरून उभा होता. शर्ट त्याच्या पिशवीत होता. सकाळपासून मिओरी त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. तोही तिच्याजवळ गेला नव्हता. काय सांगणार होता तो तिला?

दुसरीची शर्यत सुटली. पहिल्या मुलानं फीत तोडली. बाकीची मुलं आली, धापा टाकत रांगेत जाऊन बसली. मग बऱ्याच मागून, लाल टोपी सावरत, मिओरी आली. पालकांच्या तंबूंतून टाळ्या सुरू झाल्या. “थोडंच राहिलं! थोडंच राहिलं!”

ती नेहमी थांबायची ती जागा आली. ती थांबली नाही. रेघ आली. ती रेघ ओलांडून, त्याच्या बाजूनं, तशीच पुढे पळत गेली. मुख्याध्यापकांच्या खुर्चीपुढून, पाण्याच्या नळांजवळून, पार कुंपणाच्या झाडांपर्यंत. लोक हसायला लागले. योशिमात्सु आजोबा उभे राहून ओरडले, “अगं, झाली शर्यत! आता काय घरी जातेस पळत?”

हारुमा तिच्यामागे धावला. ती गुडघ्यांवर हात टेकून, लालबुंद होऊन उभी होती.

“मिओरी, रेघ केव्हाच मागे गेली गं. एवढं लांब कशाला पळालीस?”

तिनं धापा टाकतच वर पाहिलं.

“काल तुमचं थोडं राहिलं होतं ना, गुरुजी,” ती म्हणाली. “ते पण पळून टाकलं.”