तहानेची चहाडी

प्रेशर वाढलं म्हणून डॉक्टरांनी नथूआबांचं मीठ तोडलं. "खारट खाल्लं की तहान लागते, किडन्या पाणी धरून ठेवतात आणि प्रेशर चढतं," असं त्यांनी नवरा-बायको दोघांनाही बजावलं. तेव्हापासून आबांना एकटं वाटू नये म्हणून मुक्ताबाईही अळणीच जेवायची.

आज संध्याकाळी, कणसांच्या गाड्या लागतात त्या कार्ल्याच्या फाट्यावरून आलेले आबा थेट माठाकडे वळले आणि तांब्याभर पाणी एका दमात प्यायले. मुक्ताबाईनं कमरेवर हात ठेवले.

"भाजलेलं कणीस खाल्लं न्हवं? मीठ-लिंबू चोळून?"

"तुला कुनी सांगितलं?"

"तुमच्या तहानेनं. मीठ लपवता येतं, तहान न्हाई लपत."

आबांची मान खाली गेली. कबूल करायचं तर घसा ओला हवा, म्हणून त्यांनी पुन्हा तांब्या माठात घातला. तो तळाला खरडला.

"अगं, दुपारी माठ काठोकाठ भरून गेलतो. मी तर एकच तांब्या प्यालो."

मुक्ताबाईचे हात कमरेवरून खाली आले.

"लोणचं मुरलं का, ते कुनी बघायचं मग?"